दुर्बिणीच्या ऑपरेशनची हातात धरायची अवजारं: रोबो आल्यावर यांचं काय होणार?

लेथवाला

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. स्लायडिंग हेडच्या सीएनसी, एक वायरकट आणि वडिलांच्या काळातला एक लेथ, जो विकायचा विषय काढला की घरात भांडण होतं. आजवर सगळं काम डिझेल इंजेक्टरच्या बारीक पार्ट्सचं. ते अजून किती वर्षं चालेल हे सांगायला ज्योतिषी नको.

मध्यंतरी सर्जिकल मालाच्या एका व्यापाऱ्याने लॅपरोस्कोपीचा (म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनचा) ग्रास्पर, आत पकडायचा लांब चिमटा, आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, याचे जबडे बनवून द्याल का? ५ मिमीची नळी, लांबी फुटापेक्षा जरा जास्त. उघडून पाहिलं तर आत एक सळई, दोन लिंक आणि पिना इतक्या बारीक की आमच्या पोरांनी भिंग मागवलं. काम आवडलं. मायक्रॉनमध्ये मोजायची सवय आहेच.

पण मेहुणा म्हणतो, "आता रोबो आलाय, ही हातातली अवजारं भंगारात जाणार." कर्ज काढून मशीन घ्यायचं तर आधी विचारलेलं बरं. इथे डॉक्टर मंडळी आहेत, म्हणून धागा काढला. या अवजारांना खरंच भवितव्य आहे का? असेल तर नेमकं कशाला?

दगडफूल

मेहुण्याचं ऐकून आजवर कुणाचं भलं झालंय?

वाचतोय.

तालुक्याचा डॉक्टर

लेथवाले, आधी एक गैरसमज काढू. रोबो स्वतः ऑपरेशन करत नाही. सर्जन बाजूला कन्सोलवर बसतो, त्याच्या बोटांची हालचाल रोबोचे हात आत करतात. म्हणजे तेही अवजारच, फक्त दांडा फार लांब आणि फार महाग.

मी तालुक्याच्या गावी जनरल सर्जन आहे. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया हे माझं रोजचं काम. यासाठी माझ्याकडे रोबो येणार नाही, मी निवृत्त होईपर्यंत तरी नाही. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढायला डॉ. तेहमटन उडवाडियांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुरुवात केली. तेव्हापासून ग्रास्पर, मेरीलँड (बाकदार टोकाचा चिमटा), हुक, कात्री, क्लिप ॲप्लायर (नळीला चाप लावणारं अवजार) हा संच मूळ रूपात तोच आहे.

अडचण कुठे आहे तेही सांगतो. पोटाच्या भिंतीत पोर्ट (अवजार आत घालायचं भोक) असतो, अवजार त्या बिंदूवर तोललेलं असतं. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. आत-बाहेर, वर-खाली, डावं-उजवं आणि स्वतःभोवती फिरणं, एवढ्याच हालचाली मिळतात. मनगट आत नाही. पित्ताशयाला ते पुरतं. आतून टाके घालायचे असतील, तेही ओटीपोटात खोलवर, तर घाम फुटतो.

आता तुमच्या कामाचं. माझ्याकडे अवजार कशामुळे बाद होतं? एक, जबड्याची पिन सैल होते आणि दोन्ही जबडे एकमेकांवर नीट बसत नाहीत. दुसरं, नळीवरचं इन्सुलेशन. काही अवजारांच्या आतल्या धातूतून ऊती जाळायला करंट जातो. प्लास्टिकच्या आवरणाला केसाएवढी चीर गेली तरी ठिणगी भलत्याच जागी, आतड्यावर पडू शकते. कॅमेरा टोकाकडे बघत असतो, चीर मागे नळीवर असते, त्यामुळे त्या क्षणी कुणाला कळतच नाही. पेशंट दोन-चार दिवसांनी पोट फुगून, ताप घेऊन परत येतो. इन्सुलेशन तपासायचा टेस्टर मिळतो. किती ठिकाणी तो रोज वापरला जातो, हा प्रश्न इथे विचारत नाही.

स्क्रब_सिस्टर

डॉक्टरांनी जबडा सांगितला, मी नळीच्या आतलं सांगते, कारण ते आम्हाला धुवावं लागतं.

लेथवाले भाऊ, तुम्ही उघडून पाहिलंत म्हणजे ते तीन भागांत सुटणारं असणार: हँडल, बाहेरची नळी आणि आतला इन्सर्ट. असं असेल तर देव पावला. काही स्वस्त अवजारं सुटतच नाहीत. आत रक्त जातं, वाळतं, मग ब्रश घाला, एन्झाइमच्या पाण्यात बुडवा, अल्ट्रासॉनिकमध्ये टाका, तरी मनातली शंका जात नाही. निदान पाणी सोडायला फ्लश पोर्ट तरी हवा. घाण आत राहिली तर वरून ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून) उपयोग नाही.

पूर्वी दोन केसच्या मध्ये ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात वीस मिनिटं बुडवून काढायचे. त्याने सगळे जंतू मरत नाहीत, स्पोअर (जंतूंची कवचबंद रूपं) मारायचे तर तासन्‌तास ठेवावं लागतं. मग पोर्टच्या जागी महिनाभराने गाठ येते, पू येतो, साध्या अँटिबायोटिकने हटत नाही. क्षयरोगाच्या जंतूंच्या भाऊबंदांतले जंतू असतात ते. पेशंट बिचारे कित्येक महिने औषधं घेतात. पित्ताशय एका दिवसात निघालं आणि भोक भरायला सहा महिने!

म्हणून माझं मत सरळ आहे. नव्या तऱ्हेचं अवजार आलं की डॉक्टर ते चालवून बघतात. मी आधी विचारते, सुटतं का आणि ऑटोक्लेव्हच्या १३४ डिग्रीला टिकतं का?

उपद्व्यापी

आपल्या सुश्रुताने १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगितली आहेत. आणि त्या यंत्रांत सर्वांत मुख्य कोण, तर हात! हे दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. रोबो कसले घेऊन बसलात.

दगडफूल

आले सुश्रुत. चौथ्या प्रतिसादात आले. मी दहाव्याची पैज लावली होती.

उपद्व्यापी

हसा. पण धाग्याचा प्रश्न "हातातल्या अवजारांचं काय" हाच आहे ना? मग माझा प्रतिसाद विषयाला धरूनच आहे.

कन्सोलवरचा

तालुक्याच्या डॉक्टरांशी अर्धा सहमत. मी पुण्यात युरोलॉजी करतो, रोबोवर आणि हातानेही.

रोबोने नेमकं काय दिलं? आत मनगट दिलं. दा विंची या रोबोला अमेरिकेत २००० मध्ये परवानगी मिळाली, तेव्हापासून त्याच्या ८ मिमीच्या अवजाराच्या टोकाला सांधा आहे. तुमच्या चार हालचालींऐवजी जबड्याची उघडझाप धरून सात. शिवाय हाताचा कंप गाळला जातो, चित्र त्रिमित दिसतं. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग (लघवी बाहेर नेणारी नळी) परत जोडायचे असतात. ती जोडणी हाताच्या सरळ नीडल होल्डरने (सुई धरायच्या अवजाराने) करून बघा, मग रोबोला नावं ठेवा.

पण आता गंमत अशी की तेच मनगट परत हातात यायला लागलंय. लेथवाल्यांनी बघायचं ते इथे. अमेरिकेत मिशिगनहून फ्लेक्सडेक्स आलं, पूर्ण यांत्रिक, मोटर नाही. ते कोपराच्या खाली हाताला बांधतात आणि मनगट वळवलं की टोक वळतं. कोरियाच्या लिव्ह्समेडचं आर्टिसेन्शियल आहे, ८ मिमीचं, टोक सगळीकडे वळतं. इस्रायलचं हँडएक्स हातातच धरायचं पण आत मोटर. म्हणजे रोबो आणि साधं अवजार यांच्यामध्ये एक तिसरी जात तयार होतेय. माझ्या मते पुढची दहा वर्षं तिचीच.

दुसऱ्या बाजूने रोबोही बारीक होतोय. केंब्रिजच्या व्हर्सियस रोबोची अवजारं ५ मिमीची आहेत. त्याच्या माणसांवरच्या पहिल्या चाचण्या २०१९ मध्ये आपल्या पुण्यातच, दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात झाल्या. हे बऱ्याच पुणेकरांना माहीत नसतं, एरवी पाटी लावली असती.

डॅन्यूबकाठ

मी जर्मनीत टुटलिंगेनला राहतो, अवजारांच्याच धंद्यात. गाव म्हणाल तर बारामतीपेक्षा लहान, पण सर्जिकल अवजारांच्या शेकडो कंपन्या. इस्क्युलाप १८६७ पासून, कार्ल स्टोर्त्स १९४५ पासून.

कन्सोलवरचे डॉक्टर म्हणतात ते मनगटाचं प्रकरण कारखान्याच्या बाजूने सांगतो. सरळ ग्रास्परमध्ये एकच सळई मागे-पुढे होते. मनगट द्यायचं म्हणजे तारा आल्या, पुल्या आल्या. दा विंचीमध्ये टंगस्टनच्या बारीक तारा असतात, सायकलच्या ब्रेकसारख्या ओढल्या जातात, फक्त पुली इतकी लहान की प्रत्येक वळणाला तार थकते. हेच एक कारण, की त्या अवजारांना वापराची मर्यादा असते. आत चिप असते, ती वापर मोजते आणि संख्या संपली की अवजार चालूच होत नाही. बऱ्याच अवजारांना ही संख्या दहा होती, २०२० पासून काहींना १२ ते १८ केली.

आणि सिस्टरांचा प्रश्न इथे दुप्पट होतो. तारा-पुल्यांच्या मधे अडकलेलं रक्त काढणं म्हणजे शिक्षा. म्हणून हातातली मनगटवाली अवजारं बहुतेक एकदा वापरून टाकायची असतात. युरोपात आता कचऱ्यावरून ओरड सुरू झालीय, म्हणून अर्धं टिकाऊ अर्धं टाकाऊ असा प्रकार वाढतोय: हँडल आणि नळी कायम, टोकाचा इन्सर्ट तेवढा बदलायचा.

लेथवाले, जबडे आज बऱ्याच ठिकाणी मेटल इंजेक्शन मोल्डिंगने बनतात. धातूची पूड साच्यात, मग भट्टीत. मोठ्या संख्येत त्याच्याशी तुमच्या सीएनसीची बरोबरी होणार नाही. पण लहान लॉट, दुरुस्तीचे इन्सर्ट, नमुने यात होईल.

जाता जाता, तुमच्यासाठी एक माणूस. कील शहरातले कुर्ट सेम. १९८० मध्ये दुर्बिणीने पहिलं अपेंडिक्स यांनी काढलं, आणि ते होते स्त्रीरोगतज्ज्ञ. वैद्यकीला जाण्याआधी टूलमेकरचं काम शिकलेले. आतून गाठ मारायचा फास, पोटात गॅस भरायचं स्वयंचलित यंत्र, अशी बरीच अवजारं त्यांनी घडवली. सर्जन लोकांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढलं. १९८५ मध्ये एरिख म्यूहने दुर्बिणीने पहिलं पित्ताशय काढलं, त्यालाही जर्मनीत कुणी विचारलं नाही.

स्त्रीरोग_नाशिक

सेम आमचे होते हे कुणीतरी लिहिलं, बरं वाटलं. :)

सगळे टोकाबद्दल बोलतायत, मी दुसऱ्या टोकाबद्दल बोलते. हँडल. माझ्या ग्लोव्हचा नंबर ६. ही हँडल्स साडेसात-आठ नंबरवाल्या पुरुषांच्या हातासाठी काढलेली. रिंगमध्ये अंगठा आत खोलवर जातो, रॅचेट (पकड अडकवून ठेवणारी दातेरी कळ) सोडायला बोट पुरत नाही, आतून पिना मारून ऊती जोडणारा स्टेपलर तर दोन हातांनी दाबावा लागतो. लांबलचक केस झाली की अंगठ्याच्या कडेला मुंग्या येतात. तिथली नस दबते. माझ्या बॅचच्या कुठल्याही बाईला विचारा.

बॅटरीवरचे स्टेपलर आले त्याचं मला खरं कौतुक वाटतं, बटण दाबलं की काम. पण साध्या ग्रास्परचं हँडल दोन मापांत मिळावं, ही काय फार मोठी मागणी आहे? त्याला रोबो लागत नाही की मोटर. शस्त्रक्रियेत मुली किती येतायत बघा. लेथवाले, हे करा, मी पहिली गिऱ्हाईक.

आणि नवं ते चांगलंच असं नसतं हेही नोंदवते. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीने किंवा रोबोने शस्त्रक्रिया केलेल्यांपेक्षा पोट उघडून केलेल्यांचे निकाल चांगले निघाले, २०१८ ची मोठी चाचणी. आम्ही सगळेच हादरलो होतो. त्याआधी २०१४ मध्ये गाठी आत कापून काढायच्या मॉर्सिलेटरवर अमेरिकेत इशारा आला, कारण गाठीत कॅन्सर लपलेला असेल तर तुकडे पोटभर पसरतात. आता पिशवीत घालून कापायचं. अवजार चांगलं चालतं आणि पेशंटचं भलं होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खडूस काका

शेवटचं वाक्य सोन्याचं. रोबोच्या जाहिराती चौकाचौकात लागल्यात. गुदाशयाच्या कॅन्सरसाठी रोबो आणि साधी लॅपरोस्कोपी यांची तुलना करणारी मोठी चाचणी २०१७ मध्ये आली. ऑपरेशन चालू असताना मध्येच पोट उघडायची पाळी किती जणांवर आली यात दोघांत ठोस फरक दिसला नाही. खर्चात दिसला. पण फलकावर रोबोचा फोटो छान येतो, ग्रास्परचा येत नाही.

कन्सोलवरचा

काका, ती चाचणी खरी. पण त्यात रोबोवरचे कितीतरी सर्जन अजून हात बसवत होते असा आक्षेप आहेच. आणि दर वेळी पैशावर यायचं तर दुर्बीण आली तेव्हाही हेच म्हणत होते.

खडूस काका

म्हणत होते, आणि तेव्हा टाक्यांची लांबी वितीवरून बोटभर झाली म्हणून लोकांनी मानलं. आता बोटभराची अर्धं बोट करायला किती मोजायचे?

आजीची नात

मध्ये घुसते, माफ करा. माझ्या आजीच्या ऑपरेशनसाठी एका हॉस्पिटलने रोबो सांगितलाय, साध्या दुर्बिणीपेक्षा बराच जास्त खर्च आहे. विमा देतो का? आणि नको म्हटलं तर डॉक्टर रागावतात का? :(

तालुक्याचा डॉक्टर

ताई, २०१९ मध्ये विमा नियामकाने रोबोटिक शस्त्रक्रियेसह काही आधुनिक उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येणार नाहीत असं सांगितलं, पण कंपनीला त्यावर उपमर्यादा घालायची मुभा ठेवली. म्हणून पॉलिसीत "सब-लिमिट" शोधा, आणि टीपीएकडून (कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेकडून) आधीच लेखी घ्या.

रागावण्याचं म्हणाल, तर सरळ विचारा: "याच ऑपरेशनसाठी हाताने लॅपरोस्कोपी तुम्ही करता का, आणि आजीच्या बाबतीत रोबोने नेमका काय फरक पडेल?" उत्तर ऐकूनच समजेल.

आजीची नात

धन्यवाद डॉक्टर. आजी म्हणते, "माणूस कुठे बसणार तेवढं सांगा, बाकी काय करायचं ते करा."

डॅन्यूबकाठ

आजीला सांगा, त्याच खोलीत, चार-पाच पावलांवर. आणि शेजारी एक सहायक सर्जन असतोच, हातात साधं अवजार घेऊन. सक्शन देणं, क्लिप लावणं, सुई आत-बाहेर करणं बऱ्याचदा त्याच्याकडे. म्हणजे लेथवाल्यांच्या मेहुण्याला कळवा, रोबोच्या ऑपरेशनमध्येही हातातली अवजारं लागतात.

एक राहिलं. दा विंचीत आधी सर्जनला ऊती किती ओढली जातेय ते हाताला जाणवत नसे, नुसतं डोळ्यांनी ओळखायचं. २०२४ मध्ये परवानगी मिळालेल्या दा विंची ५ ने टोकावरचा जोर हाताला कळवायची सोय आणली. साध्या ग्रास्परमध्ये हे पहिल्या दिवसापासून थोडंफार फुकट मिळतं, पिन घट्ट झाली नसेल आणि पोर्टच्या सीलमध्ये अडकत नसेल तर. त्यामुळे जबडे बनवताना घर्षण कमी ठेवा, ते दिसत नाही पण सर्जनला लगेच कळतं.

लेथवाला

बापरे, इतकं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

माझ्या डोक्यात असं बसतंय: मनगटवाल्या अवजाराच्या मागे लागायचं नाही, ती आमची झेप नाही. सरळ ५ मिमी, तीन भागांत सुटणारं, इन्सर्ट बदलता येणारा. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलेलं लहान हँडल करून बघायला मजा येईल, ते आमच्याच हद्दीतलं आहे. त्यांच्या हाताचं माप कसं घ्यायचं? आणि लायसन्सचं काय? वर्कशॉपला लागतं का?

फाईलवाला

इतके दिवस नुसता वाचत होतो, आता माझा विषय आला.

२०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स. अवजारं अ, ब, क, ड अशा चार वर्गांत, धोका वाढत जातो तसे. अ आणि ब चं उत्पादन लायसन्स राज्याकडून, क आणि ड चं केंद्राकडून. अ-ब साठी ऑक्टोबर २०२२ पासून आणि क-ड साठी ऑक्टोबर २०२३ पासून लायसन्स सक्तीचं झालं; 'अ' मधल्या निर्जंतुक करून न विकल्या जाणाऱ्या आणि मोजमाप न करणाऱ्या अवजारांना मात्र नुसती नोंदणी लागते. तुम्ही नुसते जबडे बनवून दुसऱ्या उत्पादकाला देणार असाल तर लायसन्स त्याचं, पण तो तुमच्याकडे ऑडिटला येणार आणि आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं प्रमाणपत्र) आहे का विचारणार. स्वतःच्या नावाने पूर्ण ग्रास्पर विकणार असाल तर लायसन्स किंवा नोंदणी तुमची. करंट जाणारं आणि न जाणारं अवजार वेगळ्या वर्गात जाऊ शकतं, ते आधी बघा.

आणि तो व्यापारी "कागदपत्रं नंतर बघू" म्हणाला असेल तर नमस्कार करून चहा पाजून पाठवा.

लेथवाला

तेच म्हणाला. :D

स्त्रीरोग_नाशिक

माप पाठवते. तळहाताची रुंदी, मधल्या बोटाची लांबी आणि अंगठा-तर्जनी ताणून अंतर. आमच्या ग्रुपमधल्या आणखी काही जणींचीही मिळवते. नमुना आला की आधी एंडोट्रेनरच्या (दुर्बिणीचा सराव करायच्या) खोक्यात कोंबडीच्या कातडीवर चालवू, माणसावर नाही.

स्क्रब_सिस्टर

मापं घेताच आहात तर माझंही एक ऐका. दुर्बिणीच्या केसला ऑपरेशन थिएटरमध्ये दिवे मंद करतात. ट्रेवर सगळी हँडल्स काळी. मेरीलँड कुठला, ग्रास्पर कुठला, कात्री कुठली, हे टोकाकडे डोळे बारीक करून बघावं लागतं, आणि डॉक्टर तोवर हात पुढे करून बसलेले. हँडलवर मोठं अक्षर कोरा किंवा रंगाची पट्टी द्या. पट्टी चिकटवलेली नको, ती दोन ऑटोक्लेव्हमध्ये सोलते आणि मग तुकडा शोधत बसा.

लेथवाला

लेझर मार्किंग करू शकतो. पण आमच्याकडे स्टीलवर मार्किंग केलेल्या जागी नंतर गंज धरल्याचं पाहिलंय. मार्किंग आधी करायचं की पॅसिव्हेशन (ॲसिडमध्ये बुडवून गंजरोधक थर आणणं)?

डॅन्यूबकाठ

मार्किंग आधी, पॅसिव्हेशन नंतर. लेझरच्या उष्णतेने वरचा क्रोमियमचा थर बिघडतो, तो नंतर परत बांधायला हवा. नायट्रिक ॲसिडमध्ये अक्षर फिकं पडतं, म्हणून सायट्रिक वापरून बघा आणि लेझरची उष्णता शक्य तितकी कमी ठेवा. मग दहा तुकडे रोजच्या ऑटोक्लेव्हमधून काढून सिस्टरांना दाखवा. त्या पास म्हणाल्या तर झालं.

स्क्रब_सिस्टर

दहा नको, वीस पाठवा. आमच्याकडचं पाणी जड आहे.